विश्लेषण : वेरूळ पाहायला निघालेल्या बाबासाहेबांना दौलताबादला का अडवले गेले? एका सहलीतून उलगडणारे आयुष्य

वेरूळच्या लेण्यांकडे जाणारा प्रत्येक प्रवासी छत्रपती संभाजीनगर सोडल्यावर दौलताबादच्या किल्ल्याजवळून जातो. बहुतेक जण तिथे थांबतात, किल्ला पाहतात आणि पुढे खुलताबादमार्गे वेरूळ गाठतात. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे ३० सहकारी याच भागात सहलीला आले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, एवढे तरी नक्की ठरले होते. पण दौलताबादच्या दरवाजात जे घडले, त्याची नोंद पुढे जगभर वाचली गेली. ही सहल काय होती, त्याआधी आणि त्यानंतर बाबासाहेबांच्या आयुष्यात काय घडले आणि १६ वर्षांनी त्यांनी याच जिल्ह्यात महाविद्यालय का काढले, याचा हा आढावा.

सहल कशी ठरली?

चळवळीतील काही सहकाऱ्यांना कुठेतरी फिरायला जायचे होते. बाबासाहेब सोबत येणार असतील तरच जायचे, अशी त्यांची अट होती. बाबासाहेबांनी होकार दिला. त्यांनी नाशिकला यायचे, बाकीच्यांनी तिथे येऊन मिळायचे आणि मग सर्वांनी औरंगाबादकडे निघायचे, असा बेत ठरला.

अडचण एकच होती. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हद्दीतही अस्पृश्यता होतीच, पण तिथे निदान कायद्याचा आणि ओळखीपाळखीचा काही आधार होता. परक्या संस्थानात काय अनुभव येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून आपण कोण आहोत हे सांगायचे नाही, साधे पर्यटक म्हणून फिरायचे, असे ठरले. ओळख सांगायची ती फक्त आपल्या माणसांना.

हे ठरवणारे बाबासाहेब तेव्हा ४३ वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी त्यांच्याकडे होती. मुंबई विधिमंडळाचे ते सदस्य होते. लंडनच्या गोलमेज परिषदांना ते प्रतिनिधी म्हणून गेले होते आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही होती. तरीही स्वतःच्या देशात लेणी पाहायला जाताना त्यांना नाव लपवून निघावे लागत होते.

दौलताबादच्या दरवाजात नेमके काय घडले?

दौलताबादच्या वस्तीतील लोक त्यांची वाट पाहत होते. उतरा, चहा घ्या, मग किल्ला बघा, असा त्यांचा आग्रह होता. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून व्हायला हवा होता. परतताना चहा घेऊ, असे सांगून मंडळी थेट किल्ल्यापाशी पोहोचली.

रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक छोटा हौद होता आणि त्याच्या भोवती दगडी फरसबंदी होती. प्रवासात सर्वांचे कपडे आणि चेहरे धुळीने माखले होते. त्यातील काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. मग सगळे दरवाजाशी गेले आणि आत जाण्याच्या परवानगीबद्दल पहारेकऱ्याकडे विचारणा करू लागले.

तेवढ्यात मागून एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुस्लिम गृहस्थ ओरडत आला. हौद बाटवला, असा त्याचा आरोप होता. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे आहोत, इथली रीत आम्हाला माहीत नव्हती, हे सांगून उपयोग झाला नाही. जमावाने मग आपला राग स्थानिक दलितांकडे वळवला. पाहुण्यांना आधी का सांगितले नाही, असा जाब त्यांना विचारला गेला. वास्तविक हातपाय धुतले गेले तेव्हा ते तिथे नव्हतेच. प्रकरण मारहाणीपर्यंत जाईल अशी स्थिती होती.

अखेर बाबासाहेबांचा संयम सुटला. तुमचा धर्म हेच शिकवतो का आणि एखाद्या अस्पृश्याने इस्लाम स्वीकारला तर त्यालाही हे पाणी नाकारणार का, असे त्यांनी चढ्या आवाजात विचारले. समोर उत्तर नव्हते. जमाव गप्प झाला. मग त्यांनी पहारेकऱ्याला विचारले की आत सोडणार की नाही. पहारेकऱ्याने नाव विचारले. बाबासाहेबांनी ते कागदावर लिहून दिले. कागद आत अधिकाऱ्याकडे गेला आणि परवानगी आली. मात्र किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, ही अट होती. ती पाळली जाते का हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला.

लपवायचे ठरवलेले नाव शेवटी कागदावर लिहावेच लागले होते आणि त्या नावावर किल्ल्याचे दरवाजे उघडलेही होते. पाणी मात्र त्या नावालाही मिळाले नाही.

पाण्याची ही गोष्ट कुठून सुरू होते?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. वडील लष्करात होते, त्यामुळे घरात शिक्षण होते, शिस्त होती. मात्र शाळेत वेगळे बसावे लागे आणि पाणी शिपायाने वरून ओतले तरच प्यायला मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे.

१९०१ च्या सुमारास वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. सुटीत मुलांनी तिकडे यावे असे त्यांनी कळवले. साताऱ्याहून निघालेली चार मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे होते. मुले येणार असल्याचे पत्र वडिलांपर्यंत वेळेवर पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. डब्यात जेवण होते, पण वाटेत कोणी प्यायला पाणी दिले नाही. रात्र उपाशी आणि तहानलेल्या अवस्थेत गेली. तेव्हा भीमराव नऊ-दहा वर्षांचे होते.

शिक्षण मात्र थांबले नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक आणि १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी धरावी लागली.

बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडा असे बजावून गेला. काही तास एका बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण केले.

महाडनंतरही हौद बंद का होते?

परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जाऊन त्यांनी पाणी प्यायले. तळे सार्वजनिक होते आणि ते सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही नंतर गावात हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. म्हणजे एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. तोही काही वर्षे चालला, पण त्या काळात मंदिर उघडले नाही.

दरम्यान १९२९ मध्ये चाळीसगावला आणखी एक प्रसंग घडला. सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला गेले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना थांबवून घेतले. वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा वस्तीतलाच एक जण होता. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याने चालत जाणे वस्तीला कमीपणाचे वाटले होते आणि टांगेवाल्यांना त्यांना बसवणे. या दोन्हींत एका माणसाचा जीव जाता जाता वाचला.

म्हणून १९३४ ची सहल ठरवताना ओळख लपवण्याचा निर्णय झाला, तो अनुभवातून आलेला होता.

सहलीनंतर काय बदलले?

दौलताबादहून परतल्यावर वर्ष-दीड वर्षात बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. २७ मे १९३५ रोजी पत्नी रमाबाई यांचे निधन झाले. परदेशातील शिक्षणाच्या काळात ओढग्रस्तीचा संसार त्यांनी एकटीने सांभाळला होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक-औरंगाबाद रस्त्यावरील येवला येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली.

याच सुमारास त्यांनी आपले आणि इतरांचे काही अनुभव इंग्रजीत लिहून काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ओळखले जाणारे हे छोटे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात छापले. पुढे कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासासाठी वापरले गेले. मसूर, बडोदा, चाळीसगाव आणि दौलताबाद हे चारही प्रसंग त्यात आहेत. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन मात्र त्यात नाही. सहलीची ती आठवण दौलताबादच्या दरवाजापाशीच संपते.

या प्रसंगांची मांडणी करताना बाबासाहेबांनी कोणा एका समाजाला आरोपी केलेले नाही. जो हिंदूंसाठी अस्पृश्य, तो पारशी आणि मुस्लिमांसाठीही अस्पृश्यच ठरतो, एवढे त्यांना दाखवायचे होते. अस्पृश्यता धर्माच्या वेशीवर थांबत नाही, ती शेजाऱ्यांमध्येही पसरते, हा त्यातील मुद्दा आहे. धर्मांतराची घोषणा आणि प्रत्यक्ष धर्मांतर यांत २१ वर्षे का गेली, हे समजून घेतानाही हा अनुभव ध्यानात घ्यावा लागतो. कुठला धर्म सोडायचा हे ठरले होते. कुठे जायचे याचा विचार त्यांनी सावकाश केला.

हौदाचा प्रश्न राज्यघटनेत कसा आला?

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झालेल्या मसुदा समितीचे अध्यक्षही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे सर्वांना माहीत असते. अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडाची चर्चा त्या मानाने कमी होते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. जगातील बहुतेक राज्यघटनांत समतेचे तत्त्व असते. विहीर आणि तलाव असे शब्द घालून ते लिहिण्याची गरज भारतात पडली. ती का पडली याचे उत्तर महाडमध्ये आहे, मसूरच्या रस्त्यावर आहे आणि दौलताबादच्या हौदापाशीही आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली आणि दौलताबादचा तो परिसरही तिच्या कक्षेत आला.

औरंगाबादला महाविद्यालय काढण्याचे कारण काय?

निजामी राजवटीत मराठवाड्यातील दलितांचे प्रश्न बाबासाहेबांपर्यंत पोहोचत होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे झालेल्या दलित परिषदेला ते आले होते. भाऊसाहेब मोरे यांनी ती परिषद भरवली होती.

उच्च शिक्षणाच्या बाबतीत मराठवाडा तेव्हा फार मागे होता. स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, ते १९५८ मध्ये आले. संस्थानातील उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते आणि गरीब घरातील मुलाला तिथवर जाणे परवडणारे नव्हते. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले होते. संस्थेचे पुढचे महाविद्यालय त्यांनी औरंगाबादला काढले. जून १९५० मध्ये ते सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्रिपद गेले, पण औरंगाबादच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. बांधकामाच्या बारीकसारीक गोष्टींत ते स्वतः लक्ष घालत.

‘मिलिंद’ आणि ‘नागसेनवन’ ही नावेच का?

सुरुवातीला हे महाविद्यालय संस्थेच्या नावाने ओळखले जाई. नंतर त्याला ‘मिलिंद’ हे नाव देण्यात आले. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. तो वादविवादात भल्याभल्यांना हरवत असे. भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले, अशी कथा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात येते. राजाने हार मान्य केली आणि तो नागसेनाचा शिष्य झाला. म्हणून महाविद्यालय मिलिंदाचे आणि परिसर नागसेनाचा.

हरल्यावर हार मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक, हे दोन्ही विद्यार्थ्यांत यावे, ही त्यामागची अपेक्षा होती. दौलताबादच्या दरवाजात बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नावर जमाव गप्प झाला होता, पण पाण्याची अट काही उठली नव्हती. मिलिंदाच्या कथेत उत्तर पटल्यावर राजा स्वतः बदलतो.

या महाविद्यालयाने अपेक्षा पूर्ण केली का? मराठवाड्यातील दलित कुटुंबांतून शिकलेली पहिली पिढी मोठ्या संख्येने इथून बाहेर पडली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक इथल्या रंगमंचावर झाले. पुढे दलित साहित्याला व्यासपीठ देणारे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवणारे डॉ. गंगाधर पानतावणे याच वातावरणातून पुढे आले.

अखेरचे दोन महिने

मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर पोखरले होते. १९४८ मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला होता. लग्नानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला, त्यानंतर ते राज्यसभेवर गेले. प्रकृती ढासळत असतानाही बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथाचे लेखन सुरू होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. दोन दिवसांनी चंद्रपूरलाही दीक्षा सोहळा झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतल्यावर दिल्लीत ५ डिसेंबरच्या रात्रीही ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम सुरू होते. ६ डिसेंबर १९५६ च्या सकाळी २६, अलिपूर रोड येथील निवासस्थानी ते झोपेतच गेल्याचे लक्षात आले. पार्थिव विमानाने मुंबईला आणण्यात आले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ दुसऱ्या वर्षी, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्ध म्हणून त्यांना ५३ दिवस मिळाले.

मृत्यूनंतर नावाचा लढा

बाबासाहेबांचे नाव मराठवाड्यात पुन्हा एकदा वादाचा विषय झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ठराव आणि अंमलबजावणी यांत साडेपंधरा वर्षे गेली. कागदावर नाव लिहून दिल्यावर ते आत घेऊन जायला दौलताबादच्या पहारेकऱ्याला एवढा वेळ लागला नव्हता.

वेरूळला गेल्यावर काय पाहावे?

वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. त्यातील १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. बहुतेक पर्यटक १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यात सर्वाधिक वेळ घालवतात आणि परततात. १९३४ ची सहल ज्यासाठी निघाली होती ती बौद्ध लेणी कैलासच्या उजव्या हाताला, दक्षिणेकडच्या टोकाला आहेत. त्यात भिक्खूंची निवासस्थाने आहेत, दगडी बाकांच्या ओळी असलेले लांबलचक दालन आहे, १० क्रमांकाचे चैत्यगृह आणि १२ क्रमांकाचे तीन मजली लेणे आहे. राहणे, शिकणे, चर्चा आणि प्रार्थना यांसाठी हे सगळे कोरले गेले.

वेरूळहून शहरात परतल्यावर विद्यापीठाकडे आणि औरंगाबाद लेण्यांकडे जाणाऱ्या भागात नागसेनवन लागते. तिथेही राहण्याची आणि शिकण्याचीच सोय आहे. एक जागा दीड हजार वर्षांपूर्वीची आहे, दुसरी १९५० ची. दोन्हींच्या मध्ये दौलताबादचा तो दरवाजा आहे. आज तिकीट काढून कोणीही त्यातून आत जाऊ शकतो आणि आत जाताना कोणाला नाव विचारले जात नाही.